पैसे देऊन भ्यायला जाताना

गणपतीचे मखर गराजच्या माळ्यावर परत गेले, कॉस्टकोच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागले, की आमच्याकडे एका ठरावीक चौकशीचे फोन सुरू होतात. "तुम्ही त्या भुतांच्या पार्कला जाऊन आलात ना? आमची मुलं मागे लागली आहेत. न्यावं का? किती वाजता निघावं? शाकाहारी काही मिळतं का?" गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेतच तीन कुटुंबांनी मला हे विचारले. उत्तरे देता देता माझा शिरा गार झाला. तेव्हा ठरवले की एकदाच सविस्तर लिहून काढावे.

मी काही भूतशास्त्रातला तज्ज्ञ नाही. व्यवसायाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, ऑरेंज काउंटीत राहून पाव शतक उलटले. पण या पार्कांच्या हॅलोविनच्या रात्री मी पाच-सहा वेळा अनुभवल्या आहेत आणि पहिल्या खेपेला एक चूक केली आहे. त्या चुकीची हकिगतही पुढे सांगणार आहे, कारण या लेखातल्या सगळ्या सूचनांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल असे मला वाटते.

हा प्रकार आहे तरी काय?

नव्याने आलेल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. थीम पार्क दिवसा नेहमीसारखे चालू असते. ठरलेल्या रात्री ते संध्याकाळी लवकर बंद करून दिवसाच्या पाहुण्यांना बाहेर काढतात. तासा-दोन तासांत धुराची यंत्रे सुरू होतात, दिवे बदलतात आणि वेगळे तिकीट घेतलेल्या लोकांसाठी फाटक पुन्हा उघडते ते मध्यरात्र उलटेपर्यंत. दिवसाचे तिकीट किंवा साधा वार्षिक पास रात्री चालेलच असे धरून चालू नका. फाटकाशी सर्वांत जास्त चेहरे उतरतात ते याच गैरसमजापायी.

आत चार गोष्टी असतात. पहिली 'मेझ', म्हणजे अंधारे, वळणावळणांचे घर. त्यातून पायी चालत जायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कोणीतरी अंगावर येणार. दुसरी 'स्केअर झोन', म्हणजे धुराने भरलेला रस्ता, जिथे भुते मोकळी फिरत असतात. तिसरी, रंगमंचावरचे कार्यक्रम. आणि चौथी, नेहमीच्या राइड्स, ज्यांतल्या बऱ्याचशा रात्रीही चालू असतात. मेझला रांग असते, स्केअर झोनला नसते. पण पार्कात इकडून तिकडे जायचे तर बहुधा त्यातूनच जावे लागते. "आम्ही मेझमध्ये जाणारच नाही, नुसते फिरू" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आमच्या भागात या प्रथेचे मूळ पीठ म्हणजे ब्यूना पार्कचे नॉट्स बेरी फार्म. वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे जोडपे १९२० साली तिथे शेती करायला आले. रस्त्याकडेला बेरी विकता विकता १९३४ साली कॉर्डेलियाबाईंनी चिकनचे जेवण वाढायला सुरुवात केली. लोक तासन् तास रांगेत थांबू लागले, तेव्हा त्यांचे मन रमावे म्हणून १९४० साली वॉल्टरने जुन्या वेस्टर्न गावासारखे 'घोस्ट टाउन' उभारायला घेतले. म्हणजे भुतांचे गाव आधीपासून होते, भुते तेवढी यायची बाकी होती. ती १९७३ च्या ऑक्टोबरात आली, अवघ्या तीन रात्रींसाठी. त्या वर्षी खाणीच्या आणि लाकडाच्या ओंडक्यांच्या राइडमध्ये राक्षस बसवले होते. कल्पना इतकी चालली की आज पन्नासहून अधिक वर्षांनी हा 'स्केअरी फार्म' सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बहुतेक वीकएंडना चालतो, आणि देशभरच्या पार्कांनी हाच कित्ता गिरवला आहे. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलने १९९१ साली 'फ्राइट नाइट्स' नावाने सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी त्याचेच 'हॅलोविन हॉरर नाइट्स' झाले. हॉलिवूडच्या युनिव्हर्सलमध्ये २००६ पासून तो नियमाने होतो. तिथे स्टुडिओच्या खऱ्या चित्रीकरणाच्या आवारातून पायी नेणारी 'टेरर ट्रॅम' हे वेगळे आकर्षण आहे.

"पैसे देऊन भ्यायचं?"

२००९ साली माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. हा सगळा प्रकार ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, "पैसे देऊन भ्यायचं? आमच्या गावात फुकट होतं." तिच्या माहेरी रत्नागिरीकडे प्रत्येक पिंपळावर मुंजा, प्रत्येक पाणवठ्यावर जखीण आणि रात्री वाट चुकवायला चकवा असायचा. वीज उशिरा आली, त्यामुळे भुतांचा मुक्कामही लांबला. माझ्या पिढीने ती भुते आजीच्या तोंडून ऐकली आणि उरलेली नारायण धारपांच्या पुस्तकांतून, पांघरुणात बॅटरी लावून. म्हणजे भ्यायची हौस आपल्यालाही काही कमी नाही.

पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप वेगळा असतो. "हे अभद्र कशाला घरात आणायचं?" त्यांना एवढेच सांगावे की हॅलोविन हे मुळात आपल्या पितृपक्षापासून फार दूरचे नाही. आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक लोकांत सुगी संपून हिवाळा लागण्याच्या सुमारास 'साविन' नावाचा सण असे. त्या रात्री या जगातला आणि त्या जगातला पडदा विरळ होतो, अशी त्यांची समजूत. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा दिवस आला, आणि आदल्या संध्याकाळला हॅलोविन हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर ही प्रथा अमेरिकेत आली. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा लावत. इथे भोपळा मिळाला, तो मोठा आणि कोरायला सोपा. आपण नाही का, इथे आल्यावर आंब्याच्या पानांऐवजी मिळतील त्या पानांचे तोरण बांधत?

आईचे यावर समाधान झाले की नाही, कोण जाणे. "पितरांना आपण जेवायला घालतो, घाबरवत नाही," एवढेच ती म्हणाली.

माझी चूक

त्याच वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला अशाच एका रात्रीची तीन तिकिटे स्वस्तात दिली. चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे होते. वर्गातली दोन मुले जाऊन आली होती, त्यामुळे त्यालाही जायचे होते. तिकिटावर लिहिले होते की हा कार्यक्रम तेरा वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही. मी ते वाचले आणि मनात म्हटले, इथले लोक प्रत्येक गोष्टीवर सूचना छापतात, कॉफीच्या कपावरसुद्धा.

पहिल्याच मेझच्या तिसऱ्या खोलीत तो खाली बसला. ओरडला नाही, रडलाही नाही. जमिनीवर बसला आणि दोन्ही कानांवर हात घेतले. मागून रांग येत होती. मी हसत हसत म्हणालो, "अरे, माणसंच आहेत ती, मास्क लावलेली! ऊठ, एवढा मोठा मुलगा तू." तो उठेना. तेव्हा कोपऱ्यातले एक भूत पुढे आले, त्याच्यापासून चार हात लांब गुडघ्यावर बसले, बॅटरीवाल्या कर्मचाऱ्याला खूण केली आणि बाजूचे दार उघडून दिले. आम्ही बाहेर पडलो. म्हणजे त्या क्षणी माझ्या मुलाची अवस्था त्या भुताला माझ्यापेक्षा आधी कळली.

गाडीत तो एक शब्द बोलला नाही. मी मात्र सगळा रस्ताभर त्याला रबर, रंग आणि फोम यांची माहिती देत होतो. त्या रात्री तो झोपेना. शेवटी आईने त्याला आपल्याजवळ घेतले. दाराआडून मी ऐकत होतो. तिने त्याला समजावले नाही, की भुते खोटी असतात असेही सांगितले नाही. ती नुसती विचारत होती, "मग काय दिसलं? मग पुढे? त्याच्या हातात काय होतं?" तो सगळे सांगत गेला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री त्याने त्या भुताला एक नाव ठेवले. पण दिवा लावून झोपणे नाताळपर्यंत चालले.

आपण घाबरतो आणि वर मजाही येते, ती का?

नंतर मी या विषयावर थोडे वाचले. अचानक आवाज झाला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग विचार करणाऱ्या भागाची वाट न पाहता इशारा देतो. अॅड्रिनलिन सुटते, छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. क्षणभराने विचार करणारा मेंदू येऊन सांगतो, "हे नाटक आहे." शरीर तापलेले आणि मन निर्धास्त, या दोन्हींच्या बेरजेतून ती हसू फुटणारी मजा येते. पाळण्यात बसल्यावर येते तशीच.

अट एवढीच की तो दुसरा निरोप वेळेवर पोचला पाहिजे. लहान मुलाला 'हे खोटे आहे' हे तोंडाने सांगता येते, पण अंधारात, आवाजात आणि गर्दीत ते ज्ञान त्याच्या कामी येत नाही. म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला रबर आणि फोम समजावण्यात अर्थ नव्हता. दमलेल्या, उपाशी किंवा आधीच धास्तावलेल्या मोठ्या माणसाचेही तसेच होते.

हे घाबरवणारे लोकही आपल्या कलेत मुरलेले असतात. त्यांची साधी युक्ती म्हणजे तुमचे लक्ष एका बाजूला वेधायचे आणि दुसऱ्या बाजूने यायचे. समोर भयंकर पुतळा दिसला की समजावे, खरा माणूस शेजारच्या पडद्यामागे आहे. नॉट्सच्या घोस्ट टाउनमध्ये 'स्लायडर' असतात. गुडघ्यांना पॅड आणि हातमोज्यांना धातू लावून ते धावत येतात आणि जमिनीवरून ठिणग्या उडवत थेट तुमच्या पायांशी घसरत येतात. ही कला तिथेच जन्मली आणि मग इतर पार्कांत पसरली. आपल्या दशावतारातला संकासुर प्रेक्षकांत घुसला की पोरांची जी पळापळ होते, तिची मला दर वेळी आठवण होते.

कोणी कुठे जावे

घरात बारा वर्षांखालची मुले असतील तर रात्रीचे मोठे कार्यक्रम सरळ विसरा. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. नॉट्समध्येच ऑक्टोबरात दिवसा 'स्पूकी फार्म' असतो, तो नेहमीच्या तिकिटात येतो. मुलांनी वेष करून जायचे आणि खाऊ गोळा करायचा. डिस्नीच्या कॅलिफोर्निया अॅडव्हेंचरमध्ये २०१९ पासून 'ऊगी बूगी बॅश' होतो. त्याचे तिकीट वेगळे आणि ते फार लवकर संपते, म्हणून उन्हाळ्यातच लक्ष ठेवावे. वेगळे तिकीट नको असेल तर डिस्नीलँडची हाँटेड मॅन्शन ही राइड हॅलोविन-नाताळच्या मोसमात खास सजवतात, ती दिवसाच्या तिकिटात पाहता येते. फ्लोरिडातल्या मंडळींसाठी मॅजिक किंगडममधली 'मिकीज नॉट-सो-स्केअरी' पार्टी १९९५ पासून आहे. नावाप्रमाणेच ती घाबरवत नाही.

वेषाबद्दल एक घोटाळा हमखास होतो. डिस्नीच्या पार्ट्यांना मोठ्यांनीही वेष केला तर चालतो, मात्र चौदा वर्षे आणि त्यावरील लोकांना मास्क चालत नाही. नॉट्स आणि युनिव्हर्सलच्या रात्रींना याच्या उलट, पाहुण्यांना वेष आणि मास्क दोन्हींची बंदी. कारण उघड आहे. भूत कोण आणि गिऱ्हाईक कोण हे कर्मचाऱ्यांना कळले पाहिजे.

तारीख आणि तिकीट

शनिवारची रात्र टाळा. हॅलोविन जसजसे जवळ येते, तसतशी गर्दी आणि किंमत दोन्ही चढतात. सप्टेंबरचा किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीचा गुरुवार किंवा रविवार सर्वांत बरा. शनिवारी एकेका मेझला तास-दीड तास उभे राहावे लागते, म्हणजे सहा तासांत चार मेझ. तेच काम गुरुवारी सात-आठ मेझपर्यंत जाते. रांग टाळण्याचा जादा पास बराच महाग असतो. गुरुवारी त्याची गरज नाही. शनिवारीच जाणे भाग असेल आणि वर्षातून एकदाच जायचे असेल, तर इतर खर्चात काटकसर करून तो घ्यावा.

तिकीट घेण्यापूर्वी 'कालनिर्णय' उघडा. हे मी गमतीने सांगत नाही. नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि काही वर्षी दिवाळीही याच दिवसांत येते. एका वर्षी आम्ही घेतलेली तारीख नेमकी कोजागिरीची निघाली. मंडळाचे मसाला दूध चुकले आणि मित्रांची बोलणी पुढच्या संक्रांतीपर्यंत ऐकली. तिकीट तारखेचे असते, सहसा पैसे परत मिळत नाहीत.

मुले एकटी जाणार असतील तर नियम आधी वाचा. नॉट्सने २०२२ च्या उन्हाळ्यापासून ठराविक वयाखालच्या मुलांबरोबर एकवीस वर्षांवरील मोठे माणूस हवे असा नियम केला. वयाची अट पार्कागणिक वेगळी असते.

कपडे, खाणे, औषधे

सवयीचे, बंद बूट घाला. रात्रभरात सहज पाच-सहा मैल चालणे होते. ऑक्टोबरात आमच्याकडे दुपारी घाम येतो आणि रात्री अकराला थंडी वाजते, म्हणून कमरेला बांधता येईल असा स्वेटर घ्या. साडी आणि लांब ओढणी नको, पायात येते. फाटकाशी सगळ्यांच्या बॅगा तपासतात. बॅग लहान घेतलीत तर आत लवकर जाल.

जेवून जा. आत शाकाहारी म्हणजे बटाटा, चीज आणि पाव यांचेच निरनिराळे अवतार. नॉट्सला जाणार असाल तर आर्टिशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड जवळच आहे. तिथे चारच्या सुमारास डोसा किंवा थाळी खाऊन निघावे. फार भरपेट मात्र नको. धुरात आणि राइडवर पोटातले जागेवर राहत नाही.

मेझमध्ये लखलखणारे स्ट्रोब दिवे असतात. घरात कोणाला फिट येण्याचा त्रास असेल तर त्यांनी जाऊ नये. कृत्रिम धुराने दमेकऱ्यांना खोकला येतो, इन्हेलर खिशात हवा. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि भारतातून पाहुणे आलेले आजी-आजोबा यांच्यासाठी हा कार्यक्रम नाही. "आलेच आहेत तर सगळं दाखवू" हा आपला आग्रह समुद्रकिनाऱ्यापुरता ठेवावा.

प्रत्यक्ष पार्कात

फाटक उघडण्यापूर्वी तासभर पोचा. सगळी गर्दी दारातल्या पहिल्या मेझला चिकटते. तुम्ही सरळ पार्काच्या मागच्या टोकाला जा आणि तिथून पुढे येत राहा. पहिला दीड तास आणि शेवटचा एक तास रांगा सर्वांत लहान असतात. मधला वेळ, म्हणजे साधारण साडेआठ ते अकरा, कार्यक्रम, खाणे आणि बसणे यांसाठी ठेवा. बंद होण्याच्या वेळेपूर्वी रांगेत शिरलात तर बहुधा आत सोडतात, म्हणून सर्वांत गाजलेला मेझ शेवटी ठेवायला हरकत नाही.

पोचल्याबरोबर चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. ती उजेडातली हवी. गर्दीत फोन लागत नाहीत आणि आवाजात ऐकू येत नाहीत.

मेझमध्ये भुते तुम्हाला हात लावत नाहीत आणि तुम्हीही त्यांना लावायचा नाही. घाबरून कोणाचा हात उठतो, हे मी पाहिले आहे. असा हात उठला की सुरक्षा कर्मचारी येतात आणि रात्र तिथेच संपते. हात छातीशी धरून चालण्याची सवय करा. आत फोटो आणि बॅटरी बंद. सर्वांत कमी घाबरायचे असेल तर आपल्या घोळक्याच्या मध्यभागी राहा, कारण भुते पहिल्याला आणि शेवटच्याला धरतात. जो जास्त किंचाळतो त्याच्या मागे जास्त लागतात. आणि थोडे धैर्य आले की भुतांऐवजी भिंती आणि छत पाहा. सुतारकाम, रंगकाम आणि प्रकाशयोजना यांची कमाल असते. नाटकाची आवड असलेल्या आपल्या मंडळींना यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. आमच्या मंडळाच्या एका नाटकातला वाड्याचा प्रवेश मी तिथल्याच युक्तीने उजळला होता.

परतीचे आधी ठरवा. रात्री एक-दोन वाजता पार्किंगमधून निघायलाच अर्धा तास लागतो आणि अॅड्रिनलिन उतरले की अतोनात झोप येते. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी दुपारी झोप काढलेली असावी.

'बास'

आता राहिली शेवटची सूचना, आणि ती माझी नाही.

२०२२ साली आमची धाकटी चौदा वर्षांची झाली. तिला मैत्रिणींबरोबर जायचे होते, आणि नव्या नियमाप्रमाणे बरोबर मोठे कोणीतरी हवे होते. चिरंजीव बावीस वर्षांचे, नुकतीच नोकरी लागलेली, वीकएंडला घरी आलेले. तो म्हणाला, "मी जातो यांच्याबरोबर." मी चकित झालो. "तू? तू तर परत कधी..." "बाबा, तूही चल," तो म्हणाला.

पार्किंगमध्ये त्याने तिघी मुलींना उभे केले आणि सांगितले, "एक शब्द ठरवू. 'बास'. कोणीही, कुठेही बास म्हटलं की सगळे बाहेर. कारण विचारायचं नाही, आणि गाडीत कोणी चिडवायचं नाही. शब्द मराठी आहे, त्यामुळे भुतांना कळणार नाही." त्यांच्यातली एक मैत्रीण कोरियन होती. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

पहिल्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो. मुली पुढे बडबडत होत्या. मी त्याला विचारले, "तेव्हाचं आठवतं का रे तुला?"

"सगळं आठवतं."

"फार भ्यायला होतास तू."

तो जरा वेळ थांबला. मग इंग्रजीत सुरुवात करून मराठीत आला. "भूत नाही आठवत मला. तू हसत होतास ते आठवतं. मला वाटलं, बाबाला दिसत नाहीये मला काय होतंय ते. म्हणजे आता कोणालाच दिसणार नाही."

मला काय बोलावे सुचेना. तेरा वर्षांत शाळेत, कॉलेजात त्याच्या बऱ्याच अडचणी मला सर्वांत शेवटी कळल्या होत्या. आईला, म्हणजे त्याच्या आजीला, पुण्याला फोन करून तो आधी सांगायचा. मी ते मुलांच्या वयावर आणि अमेरिकेवर ढकलत आलो होतो. "चुकलंच माझं," एवढे मी म्हणालो. "इट्स ओके," तो म्हणाला, आणि रांग पुढे सरकली.

त्या रात्री 'बास' एकदाच म्हटले गेले. चौथ्या मेझमध्ये, मीच म्हटले. एका अरुंद बोळात दोन्ही बाजूंनी फुगलेल्या पिशव्या अंगावर दाबल्या जात होत्या आणि मला श्वास पुरेना. मुलगा मागे वळला, कर्मचाऱ्याला खूण केली, बाजूचे दार उघडले आणि आम्ही पाचही जण बाहेर आलो. कोणी कारण विचारले नाही. धाकटीने पाण्याची बाटली पुढे केली. गाडीतही कोणी चिडवले नाही, फक्त दीड वाजता घरी पोचून वरणभात गरम करताना ती म्हणाली, "बाबा, मग काय दिसलं तुला तिथे?"

मी सांगितले. सगळे सांगितले, आणि त्यांनी दोघांनी शेवटपर्यंत ऐकले.

तेव्हा मंडळी, तिकिटे लवकर काढा, शनिवार टाळा, बूट चांगले घाला आणि पोटात काहीतरी टाकून जा. पण गाडीतून उतरण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एक शब्द देऊन ठेवा, आणि तो कोणी उच्चारला तर हसू नका. ज्यांना आणखी काही विचारायचे असेल त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात मला गाठावे. फराळ वाढणाऱ्यांच्या मागच्या बाजूला, नेहमीच्या ठिकाणी, मी असेन.